यंत्राचे रूप बदलते, तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी काही मोठा विद्वान नाही. हिंगोलीत अनेक वर्षे मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवीत आलो, एवढीच माझी ओळख. रस्त्यात भेटणारे पालक मला नेहमी एकच प्रश्न विचारतात : "सर, मुलाला कोणता कोर्स लावू?" आज त्या प्रश्नाचे उत्तर मी सरळ न देता एका घटनेच्या आधारे देणार आहे. ही घटना साऱ्या जगात घडली आणि तिचा एक लहानसा धडा मला माझ्याच वर्गात मिळाला.

आपल्यापैकी ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी एमएस-सीआयटी किंवा तत्सम कोर्स केला असेल, त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर डाव्या हाताला खाली असलेले 'स्टार्ट'चे बटण आठवत असेल. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 24 ऑगस्ट 1995 रोजी विंडोज 95 बाजारात आणले, तेव्हापासून हे बटण त्या जागी होते. कोणतेही काम सुरू करायचे तर तेथून आणि यंत्र बंद करायचे तरीही तेथूनच. आम्ही शिक्षक मंडळी वहीत उतरवून देत असू : "1. स्टार्टवर क्लिक करा. 2. ऑल प्रोग्रॅम्सवर जा. 3. अमुक नावावर क्लिक करा." मुले ते पाठ करीत, परीक्षेत पास होत आणि आम्हालाही समाधान वाटे.

26 ऑक्टोबर 2012 रोजी विंडोज 8 आले आणि ते बटण नाहीसे झाले. त्याच्या जागी सबंध पडदाभर रंगीत चौकोन आले, भिंतीला फरशा बसवाव्यात तसे. या बदलामागे कारण होते. 2010 साली ॲपल कंपनीचा आयपॅड आला, स्मार्टफोनही वाढू लागले आणि लोक बोटाने पडदा चालवू लागले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने ठरविले की टेबलावरचा कॉम्प्युटर आणि हातातली पाटी या दोहोंना एकच रूप द्यावे. माउसचा बाण सुईच्या टोकाएवढ्या जागी नेमका ठेवता येतो, बोट मात्र जाड असते. म्हणून बोटासाठी बटणे मोठी हवीत, दूरदूर हवीत. चौकोन आले ते त्यासाठी. विचार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु जगातल्या बहुसंख्य टेबलांवरच्या पडद्यांना स्पर्श कळतच नव्हता. लोकांच्या हातात माउस होता आणि समोरचे रूप बोटासाठी बेतलेले होते. शिवाय उभ्या पडद्यापुढे हात उचलून दिवसभर काम केले तर खांदा भरून येतो, हे कोणीही करून पाहावे.

आता माझी गोष्ट सांगतो. 2013 सालचा सुमार असेल. माझा एक विद्यार्थी, परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला, गावातल्या एका दुकानात हिशेब लिहिण्याच्या कामाला लागला. मालकाने नवा कॉम्प्युटर घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा माझ्याकडे आला, चेहरा उतरलेला. म्हणाला, "सर, काम कसेबसे केले, पण यंत्र बंदच करता येईना. शेवटी भिंतीवरचे बटण दाबून लाईट घालवली. मालक म्हणाले, तू तर कोर्स केला आहेस ना?"

मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. आणि पालकहो, खरे सांगायचे तर मलाही ते यंत्र बंद करता आले नाही. बंद करण्याचा रस्ता असा होता : बाण उजव्या कोपऱ्यात न्यावा, मग कडेने एक पट्टी सरकून बाहेर येई. त्या पट्टीत सेटिंग्ज आणि सेटिंग्जमध्ये पॉवर. कोपऱ्यात काही दडलेले आहे, याची खूण पडद्यावर कोठेही नव्हती. आम्ही दोघे, गुरू आणि शिष्य, पडद्याकडे पाहत उभे राहिलो.

त्या दिवशी मार्ग दाखविला तो मालकाच्या मुलीने. ती नववी-दहावीत असावी, कोर्स वगैरे काही केलेला नव्हता. ती म्हणाली, "शाळेतला कॉम्प्युटर अडकला की टीचर कंट्रोल, आल्ट, डिलीट ही तीन बटणे एकदम दाबतात. इथेही दाबून पाहू का?" तिने दाबली. पडदा बदलला, खालच्या कोपऱ्यात पॉवरची खूण दिसली आणि काम झाले. तिने कोणतीही पायरी पाठ केलेली नव्हती. एका यंत्रात पाहिलेली गोष्ट तिने दुसऱ्या यंत्रावर करून पाहिली, इतकेच.

घरी परतताना मी त्या मुलाला दोष दिला नाही. दोष माझ्या शिकविण्यात होता. मी त्याला बटणाची जागा शिकविली होती, बटणाचे काम शिकविले नव्हते. जागा बदलली आणि त्याचे ज्ञान संपले.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. गोंधळ काही आम्हा दोघांचाच झाला नव्हता. अमेरिकेपासून भारतापर्यंत लोकांनी तक्रारी केल्या. काहींनी स्तुतीही केली, ती योग्यच होती. यंत्र लवकर सुरू होते, फायली नकलताना मध्येच थांबता येते, हे गुण त्यात होते. तक्रार होती ती वेगळी. एकाच यंत्रात दोन घरे झाली होती, एक जुने डेस्कटॉपचे आणि एक नवे चौकोनांचे. ध्यानीमनी नसताना माणूस या घरातून त्या घरात जाऊन पडे. काही गोष्टींची मांडणी कंट्रोल पॅनेलमध्ये, तर काहींची दुसरीकडेच. आणि सर्वात मोठी तक्रार ही, की ज्याला जुनी पद्धत हवी त्याला ती ठेवण्याची सोय दिलेली नव्हती. लोकांनी मग इतरांनी तयार केलेले छोटे प्रोग्रॅम बसवून जुना स्टार्ट मेनू परत आणला.

लोक सवयीचे गुलाम असतात, थोड्या दिवसांत रुळतील, असे त्या वेळी अनेक जाणकार म्हणत होते. पण कंपनीला माघार घ्यावी लागली. 17 ऑक्टोबर 2013 रोजी विंडोज 8.1 आले, त्यात बटण परतले, पण ते दाबले की पुन्हा चौकोनच येत. एप्रिल 2014 च्या सुधारणेत यंत्र बंद करण्याची खूण समोरच्या पडद्यावर आली. आणि 29 जुलै 2015 रोजी विंडोज 10 मध्ये जुन्या धर्तीचा मेनू, चौकोन पोटात घेऊन का होईना, परत आला. सामान्य माणसाच्या "मला हे समजत नाही" या वाक्यात वजन असते, ते असे.

येथे मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट आठवेल. आपल्या आजोबांनी दोन नाणी पाहिली, निजामाचा हाली सिक्का आणि कलदार. सात हालीला सहा कलदार असा हिशेब चाले. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात आले, त्यानंतरही हाली एकदम बंद झाला नाही, काही वर्षे दोन्ही चालले. पुढे 1 एप्रिल 1957 रोजी नवे पैसे आले. चार आण्यांचे पंचवीस पैसे हे सरळ होते, पण एका आण्याचे सव्वासहा होत, तेथे सहा धरावे लागत. बाजारात वादही झाले. तरी आणे आणि पैसे बरोबरीने फिरले, दुकानांत कोष्टके लागली आणि लोक हळूहळू शिकले. बदल करणाराने जुन्याला थोडा वेळ दिला की लोक नव्याला घाबरत नाहीत. विंडोज 8 मध्ये उणीव होती ती याच गोष्टीची. आपल्या घरात, शाळेत, कार्यालयात बदल करतानाही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मात्र त्या काळी तरले कोण, तेही पाहा. ज्याला नुसती कोष्टके पाठ होती तो अडखळला. ज्याला हिशेब येत होता त्याने नाणे कोणतेही असो, हिशेब केला.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून तुम्हाला माझे सांगणे असे. यंत्रासमोर बसलात की "बटण कुठे आहे?" हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न हा, की "मला काय करायचे आहे?" फाईल साठवायची आहे, छापायची आहे, शोधायची आहे की पाठवायची आहे? कामाचे नाव कळले की जागा शोधता येते. कीबोर्डवरच्या जोड्या शिका. कंट्रोल आणि सी, कंट्रोल आणि पी या जोड्या विंडोज 95 मध्ये चालत, 8 मध्ये चालल्या आणि आजही चालतात. 5 ऑक्टोबर 2021 रोजी आलेल्या विंडोज 11 मध्ये तर स्टार्टचे बटण डाव्या कोपऱ्यातून मध्यभागी आले आहे. "डावीकडे खाली" एवढेच पाठ असणारा तेथे पुन्हा अडेल.

आणखी एक. तुम्ही मोबाईलवर वाढलेली मुले. वर्गात नवी मुले येतात तेव्हा काही जण मॉनिटरवर बोट ठेवून पाहतात. फायली कोठे साठतात, फोल्डर म्हणजे काय, हे त्यांना नवे असते. तेव्हा वडील चौकोन पाहून गोंधळले, आज मुलगा फोल्डर पाहून गोंधळतो. म्हणून घरात अब्बांना फॉर्म भरता आला नाही तर हसू नका, आणि पालकहो, मुलाला हिशेबाची शीट जमली नाही तर "दिवसभर मोबाईल तर चालवतोस" असे म्हणू नका. दोन्ही ज्ञाने वेगळी आहेत.

पालकांना हात जोडून आणखी एक विनंती. घरात यंत्र असेल तर मुलीलाही त्यापुढे बसू द्या. "हात लावू नकोस, बिघडेल" हे वाक्य मी फार घरांत ऐकले आणि ते बहुधा मुलीलाच सांगितले जाते. मला त्या दुकानात वाट दाखविली ती हात लावू दिलेल्या मुलीने.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही एक सूचना. विंडोज 10 ची मोफत देखभाल कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपविली आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. अशी यंत्रे लगेच भंगारात काढू नयेत. त्यांपैकी काहींवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवावी. खर्च वाचेलच, पण मुलांना दोन निराळी रूपे एकाच खोलीत पाहायला मिळतील. दोन रूपे पाहिलेला मुलगा तिसऱ्याला घाबरत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. मुलाला कोणता कोर्स लावावा? पालकहो, कोर्सचे नाव विचारू नका. वर्गात जाऊन बसा आणि पाहा. मूल चुकल्यावर शिक्षक स्वतः माउस हातात घेऊन काम उरकतात, की "तूच शोध" म्हणून थांबतात? जेथे थांबतात, तेथे मुलाला घाला. आणि आपल्या मुलाला कधी यंत्र समजले नाही, तर त्याने ते लाज न बाळगता सांगावे, एवढे त्याला घरातूनच शिकवा. त्या संध्याकाळी तो मुलगा माझ्याकडे आला नसता, तर मी आजही वहीतल्या पायऱ्याच लिहून देत बसलो असतो.