कानी पडलेले ग्रंथ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त न्यू टाउन, कोलकाता येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थेचा इतिहास सांगावा, असा प्रघात आहे. ते काम आमच्याहून अधिकारी मंडळींनी सकाळच्या सत्रात केलेच आहे. आमच्या वाट्याला आले ते मंडळाचे पुस्तकांचे कपाट. दक्षिण कोलकात्यातील जुनी बिऱ्हाडे हलवून आपल्यापैकी कित्येक कुटुंबे न्यू टाउनच्या उंच इमारतींत राहावयास आली, तेव्हा ते कपाटही टेम्पोत घालून इकडे आणले गेले. त्यातील कादंबऱ्या अजून अधूनमधून बाहेर निघतात. ललितेतर ग्रंथांचा कप्पा मात्र वर्षानुवर्षे मिटलेला होता. आपली नातवंडे मराठी बोलतात, शाळेतील हिंदीमुळे देवनागरी अक्षरेही ओळखतात. पण शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी गद्याचे पान समोर आले की तिसऱ्या ओळीवर त्यांचा श्वास अडकतो. आणि खरे सांगावयाचे तर आमचाही अडकतो.

हा कप्पा पुन्हा उघडला तो एका दुःखद कारणाने. ज्यांनी हे कपाट अनेक वर्षे सांभाळले, त्या आमच्या ज्येष्ठ सभासदांची दृष्टी गेली. त्यांच्या कन्येने फोनवर बोलकी पुस्तके, म्हणजे ऑडिओबुके, लावून दिली. एकट्याने ऐकण्याचा त्यांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी आम्हां आठ-दहा जणांना बोलावले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तासभर आम्ही ऐकतो आणि मग तासभर भांडतो.

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, असा आक्षेप पहिल्याच रविवारी निघाला. बोलक्या पुस्तकांचा उगम मुळात दृष्टिहीनांच्या गरजेतून झाला. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न ब्रिटनमध्ये तीव्र होता, आणि १९३५ साली तेथे तबकड्यांवर मुद्रित केलेली पुस्तके अंधांना मिळू लागली. एका तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम पंचवीस मिनिटांचे वाचन मावत असे. आता सबंध ग्रंथालय खिशात मावते. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ साली भारतात आली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदी यांच्याबरोबर तिने पहिल्यापासून मराठीलाही स्थान दिले. तरीही 'हे डोळस माणसाचे वाचन नव्हे' ही कुजबुज थांबलेली नाही.

त्या आक्षेपाचे उत्तर आम्हांला तर्काने सापडले नाही. ते एका ग्रंथानेच दिले. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरा केला. काही भाग 'दीनबंधू'तून छापला गेला आणि पुढे छपाई थांबली. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने निघालाच नाही. मग तो लोकांपर्यंत पोहोचला कसा? जोतीरावांनी तो वाचून दाखविला. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी त्यातील भाग लोकांसमोर वाचले, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. मराठी समाजाचे डोळे उघडणाऱ्या ग्रंथांत ज्याची गणना प्रथम करावी, तो ग्रंथ असा आधी कानांवर पडला आणि सबंध डोळ्यांपुढे आला तो फार उशिरा! ज्यांच्यासाठी तो लिहिला होता त्यांना अक्षरे शिकूच दिली गेली नव्हती. त्यांच्या दृष्टीने ऐकणे हेच एकमेव वाचन होते.

हे ध्यानात ठेवून आम्ही 'असूड' लावला. पानावर त्याची वाक्ये लांबच लांब, अर्धविरामांच्या ओझ्याने वाकलेली दिसतात. कानांवर येताच त्यांचा ताठा कळतो. ते वाक्य वक्त्याचे आहे. समोरच्या माणसाला क्षणभरही दुसरीकडे पाहू द्यावयाचे नाही, म्हणून ते थांबत नाही. कचेरीच्या उंबरठ्यावरून हात हलवीत परतणारा, स्वतःशीच बोलत घराकडे चाललेला शेतकरी त्यात येतो. पुढे त्याच्या घराचे वर्णन येते. आमच्या बैठकीत विटा-आटपाडीकडून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी इकडे आलेल्या एका कुटुंबातील गृहस्थ असतात. एरवी ते फारसे बोलत नाहीत. ते वर्णन संपल्यावर म्हणाले, "हे आमच्या आजोबांचं घर आहे. फक्त म्हैस आमच्याकडं नव्हती."

त्याच बैठकीत दुसरेही एक घडले, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. भटशाहीवरील कोरडे जसजसे तीव्र होत गेले, तसतसे आमच्यापैकी काहींचे चेहरे उतरले. पुस्तक हाती असते तर ती पाने उलटून पुढे जाता आले असते. शेजारच्याला कळलेही नसते. चारचौघांत ऐकताना कान उलटता येत नाहीत. एक भगिनी उठून आत गेल्या. पुढच्या रविवारी परत आल्या आणि त्यांनी सुचविले, की यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ऐकावी. ती सूचना किती मार्मिक होती, हे मागाहून कळले. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने सबंध घर कसे होरपळते, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. जोतीराव बाहेरून ज्या भिंतीवर प्रहार करतात, तीच भिंत या बाई आतून दाखवितात. लक्ष्मीबाईंचे शिक्षण बेताचे. त्या बोलल्या तशा लिहीत गेल्या. त्यामुळे आमच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना त्यांचे एकही वाक्य अडले नाही.

सगळेच ग्रंथ कानांना मानवतात असे मात्र नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा 'गावगाडा' आम्ही मोठ्या उमेदीने घेतला. बलुतेदारांचे हक्क, मानपान, धान्यातील वाटे यांचा तो खजिना आहे. पण तपशील कानांवरून वाहून जातो आणि बोट ठेवून मागे जाण्याची सोय नसते. शेवटी कपाटातली प्रत काढून ती मांडीवर घेऊन ऐकावे लागले. त्यातही एक तरुण सभासद दीडपट वेगाने ऐकण्याचा आग्रह धरतात. वेळ वाचतो हे खरे. पण जेवण लवकर उरकावे म्हणून कोणी वेगाने चावत नाही, एवढे त्यांना येथे जाहीरपणे सांगतो.

बंगालमध्ये राहणाऱ्या आपणांस कानांची शक्ती निराळी सांगावी लागू नये. येथील मूल पाळण्यात असतानाच आपल्याविषयीचा इतिहास ऐकते. 'बर्गी' आले, ही भीती घालणारे अंगाईगीत आपल्या शेजारणी आजही म्हणतात, आणि ते बर्गी म्हणजे नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार होत. भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालवर चालून आले, १७४४ साली अलिवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून मारविले, आणि स्वाऱ्या १७५१पर्यंत चालू राहिल्या. त्या धास्तीने कलकत्तेकरांनी जो खंदक खणावयास घेतला तो मराठा डिच. मराठे तिथवर आलेच नाहीत. खंदक पुढे बुजला आणि त्याच्या कडेने सर्क्युलर रोड झाला. आपल्या घरांत रघूजींचा पराक्रम सांगितला जातो. गंगारामाच्या 'महाराष्ट्रपुराणा'त जळालेली गावे आणि पळणारी माणसे आहेत. आमच्यातील एका मुलीला हे अंगाईगीत शाळेत ऐकावयास मिळाले आणि तिने घरी विचारले, "आपण तेच का?" या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

त्याच मुलीमुळे आम्ही सखाराम गणेश देऊस्कर यांच्यापाशी आलो. देवघरजवळच्या करौं गावी १८६९ साली जन्मलेला हा मराठी माणूस बंगालीत लिहीत असे. 'हितवादी' पत्राचे ते संपादक होते आणि कलकत्त्यात शिवाजी उत्सव रुजविण्यात त्यांचा पुढाकार होता. १९०४ साली त्यांनी 'देशेर कथा' लिहिले. इंग्रजी राज्यात या देशाची संपत्ती कशी ओढली जात आहे, कारागीर आणि शेतकरी कसे नागवले जात आहेत, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. स्वदेशीच्या चळवळीतील पिढीने ते आपले मानले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. ज्या प्रांतात मराठी नावाने मुलांना भीती घातली जाई, त्याच प्रांताला त्याच्या दारिद्र्याची कारणे एका मराठी माणसाने त्याच्याच भाषेत समजावून दिली! आणि आपल्या मंडळाच्या कपाटात या पुस्तकाची एकही प्रत नव्हती.

आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. फुले, लक्ष्मीबाई, आत्रे, देऊस्कर हे सारे त्या मुदतीपलीकडचे आहेत. तेव्हा त्यांचे ग्रंथ आपणच आपल्या आवाजांत ध्वनिमुद्रित का करू नयेत? बाजारातील वाचन बहुधा प्रमाण, घोटीव, शहरी आवाजात असते. 'असूड' त्या आवाजात ऐकताना काहीतरी खटकत राहते. म्हणून त्याचे चौथे प्रकरण आम्ही विट्याकडच्या त्या गृहस्थांकडून वाचून घेतले. ते आधी तयार नव्हते. 'माझं वाचन कोण ऐकणार' म्हणाले. त्यांच्या तोंडी त्या लांब वाक्यांना श्वास घेण्याच्या जागा आपोआप सापडल्या.

'देशेर कथा' मात्र आमच्यापैकी ज्येष्ठांना वाचता येईना. बंगाली बोलण्यात चाळीस वर्षे गेली, पण लिपी आत्मसात झाली नाही. ते काम त्या मुलीने पत्करले आहे. ती बंगालीत वाचते, परिच्छेदागणिक थांबून मराठीत अर्थ सांगते, आणि आकडे आले की आमचे दृष्टिहीन ग्रंथपाल तिला ते पुन्हा वाचावयास लावतात. पहिल्या प्रकरणाचे मुद्रण पुरे झाले आहे. त्यात मागून कुकरच्या दोन शिट्या ऐकू येतात. त्या काढून टाकाव्यात की ठेवाव्यात, यावर रविवारी चर्चा आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी दहापूर्वी यावे. लिफ्ट सध्या एकच चालू आहे.