अभ्यासाला कोणता आवाज चालतो?

परीक्षा जवळ आली, की आपल्या बीड जिल्ह्यात घरोघरी एक वाद ठरलेला असतो. मुलगी म्हणते, "गाणी लावल्याशिवाय माझा अभ्यास होत नाही." आई म्हणते, "आधी ते बंद कर." मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे हा वाद निवाड्यासाठी माझ्यापर्यंत बरेचदा येतो. माझ्या मते दोघींचंही थोडं थोडं खरं आहे.

आवाजाआवाजात फरक असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे कुलर दिवसभर घरघरतो. गल्लीत पिठाची गिरणी चालू असते. थोड्या वेळानं कान तो आवाज सोडून देतो. पण शेजारच्या खोलीत दोघं जण हळू आवाजात सोयरिकीचं बोलायला लागले, की पुस्तकाचं पान तिथंच उघडं राहतं.

याचे प्रयोगही झाले आहेत. १९७६ साली अमेरिकेत कोल आणि वेल्श या संशोधकांनी विद्यार्थ्यांना अक्षरं क्रमानं लक्षात ठेवायला सांगितली आणि जर्मन भाषेतला उतारा ऐकवत ठेवला. कळत नसलेल्या भाषेनंही चुका वाढल्या. पुढे १९८२ साली सलामे आणि बॅडली यांनी दाखवलं, की नुसता एकसुरी सळसळता आवाज फारसा आड येत नाही, बोलणं मात्र येतं. त्यांचं म्हणणं असं, की पाठ करताना आपण मनात पुटपुटत असतो आणि बाहेरचे शब्द नेमके त्यातच घुसतात. टीव्हीचा आवाज "थोडा लहान" केला तरी बोलणं ऐकू येतंच, त्यामुळे तो उपाय अर्धाच.

म्हणून वाचताना किंवा पाठांतर करताना शब्दांचं गाणं नको. बासरी किंवा सतार त्या मानानं कमी त्रास देते. वही उतरवणं, नकाशा रंगवणं अशा हाताच्या कामाला गाणं खुशाल लावा, कंटाळा जातो. मोझार्ट ऐकवला की मूल हुशार होतं, ही गोष्ट मात्र सोडून द्या. १९९३ सालचा तो प्रयोग कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर होता आणि त्याचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. कॅसेटवाल्यांचा धंदा मात्र पुष्कळ वर्षं चालला!

रोजच्या गोंगाटाचं काय होतं, ते न्यूयॉर्कच्या एका शाळेत दिसलं. तिच्या एका बाजूनं उंचावरची रेल्वे धडधडत जायची. १९७५ साली तपासणी झाली, तेव्हा रुळांकडच्या वर्गातली सहावीची मुलं वाचनात पलीकडच्या शांत वर्गांपेक्षा जवळपास वर्षभर मागे निघाली. नंतर रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारं छत बसवलं. १९८१च्या अहवालात तो फरक उरला नव्हता. मुलं हुशार-ढ अशी वाटलेली नव्हती, वर्ग वाटलेले होते.

आपल्या बीड शहरात रेल्वे आली तीच २०२५ साली, त्यामुळे ती तक्रार आपली नाही. आपली तक्रार भोंग्याची आणि डीजेची. सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सवलतीचे दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं. नियम आहे, तो सांगायला जाणारा माणूस मात्र वाईट ठरतो. गावानं मिळून ठरवलं तर हे अवघडपण राहत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली ते करून दाखवलं. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. भोंग्याचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

आपल्याकडे अडचण वेगळीच. दिवाळीच्या सुमारास आई-वडील ऊसतोडीला जातात, लेकरं आजीजवळ राहतात. घर एका खोलीचं. आजीला दिवसभर टीव्हीचीच सोबत. तिला "बंद कर" कोणत्या तोंडानं म्हणायचं? तिचा टीव्ही बंद करायला मी सांगणार नाही. मी मुलांना सांगतो, त्या दीड तासात धडा आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. इतिहास असेल तर ती मालिका सोडून ऐकते, हे मी पाहिलेलं आहे. गणित आणि व्याकरण पहाटेला ठेवा. आणि शिक्षक मंडळींना विनंती, या चार-पाच महिन्यांत शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवता आली तर ठेवा. एक दिवा, एक सतरंजी आणि किल्ली सांभाळणारं कोणीतरी, एवढंच लागतं.