वास आला नाही म्हणजे गॅस नव्हता?

(वस्तीतल्या रात्रवर्गात शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदीतला हमाल. विज्ञानावर बोलायला तुम्ही मलाच उभं केलंत, तर चुकलो की तिथंच धरा.

आपण नववी-दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवतो म्हणजे काय करतो? पुस्तकात कप्पी असते. कप्पीनं काम सोपं होतं. लिहा, दोन मार्क. ज्याचं काम सोपं झालं तो माणूस पुढं कुठं गेला, ते परीक्षेत येत नाही म्हणून आपणही विचारत नाही. १९५६ साली अमेरिकेत मॅल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं एका बोटीवर ५८ लोखंडी पेट्या चढवल्या आणि जगभरच्या गोद्यांचं नशीब फिरलं. १९८९ साली इथं न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. तिथली क्रेन तीस टनांची पेटी दोन-तीन मिनिटांत उचलून ठेवते. तेवढ्या मालाला आमच्या आज्याची अख्खी गँग हातात हूक घेऊन बोटीच्या पोटात उतरायची.

गोणीचं गाणं मला जमत नाही. ते गाणारे कवी बहुतेक गोणी न उचललेले असतात. आज्याची पाठ गोणीनंच मोडली. बाबासाहेबांनीही १९४५ च्या ग्रंथात यंत्राला शिव्या घालणाऱ्यांना सुनावलंय, की दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत कुठली?

मग ज्या शहराच्या खाडीपलीकडं अशी क्रेन उभी आहे, त्या शहरात गटारात माणूस का उतरतो?

मागल्या महिन्यात मी वर्गात हायड्रोजन सल्फाइड शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं: रंग नाही, वास कुजक्या अंड्यासारखा, हवेपेक्षा जड. नववीतली एक पोरगी उभी राहिली. म्हणाली, "दादा, मग पप्पांच्या गटारात हा गॅस नव्हता. मुकादम म्हणतो, झाकण काढल्यावर थोडा वास आला, मग आलाच न्हाई. म्हणून तर ते उतरले." कंत्राटदारानंही तेच धरून ठेवलंय. वास नव्हता, म्हणजे गॅस नव्हता, म्हणजे दारू पिऊन पडला. विषय संपला.

मला उत्तर येत नव्हतं. खोटं कशाला बोलू? वर्ग सोडला आणि पुस्तकं धुंडाळली. दहा लाख भाग हवेत या गॅसचे शंभर भाग झाले, की काही मिनिटांत नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. गॅस असतो, वास जातो. सातशे-हजार भाग झाले तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हवेपेक्षा जड म्हणून तो खाली साचतो, म्हणजे वर तोंडाशी उभ्या मुकादमाला काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी हे तिला सांगितलं. रडली नाही. "मग हे पोलिसांना म्हाईत नव्हतं?" एवढंच विचारलं.

वर्गातला एक मित्र म्हणाला, हे अभ्यासक्रमात नाही. अरे, सूत्राचे मार्क तर मिळणारच आहेत! त्याच फळ्यावर खाली लिहा, साधनं न देता गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं २०१४ साली दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली तीस लाख. आणि पाण्याचं सूत्र शिकवाल तेव्हा महाड शिकवा. २० मार्च १९२७ ला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याचे १०८ घडे ओतून ते 'शुद्ध' केलं. पोरांना विचारा, या प्रयोगात पाणी कधी घाण झालं? हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

त्या पोरीनं आईच्या नावानं भरपाईचा अर्ज लिहायला घेतलाय. गॅसबद्दलचा मजकूर रविवारी सगळ्या वर्गानं मिळून लिहायचा आहे, ती फळ्यावर मांडणार आहे. ज्यांच्याकडं अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची जुनी पुस्तकं पडून असतील त्यांनी घेऊन या. खडूही आणा, संपलेत.