साखळी कोणी सोडावी?



मे महिन्यात संभाजीनगरच्या गच्चीवरची फरशी दुपारी अनवाणी पायाला सोसत नाही. मालक गावाला गेलेला, खाली कुलूप, वर हातभर साखळीला बांधलेलं कुत्रं आणि कोरडं भांडं. शेजारचा मुलगा भिंत चढून त्याला सोडवतो आणि आपल्या दवाखान्यात आणतो. ही चोरी की उपकार? पशुवैद्यकांच्या संमेलनात औषधांवर पुष्कळ बोललं जातं. आज मला या प्रश्नावर बोलायचं आहे.

कायद्याच्या लेखी कुत्रं ही मालमत्ता आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची जी उदाहरणं आहेत, त्यांत एक कुत्र्याचंच आहे : खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचं कुत्रं अप्रामाणिक हेतूनं मागे यायला लावलं, तर ते चालू लागताच चोरी झाली. पण सगळा भार त्या हेतूवर आहे. दुसरीकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मालकाला मोकळं सोडत नाही. आखूड वा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, पुरेसं अन्नपाणी आणि निवारा न देणं हे कलम ११ खाली गुन्हे आहेत. ७ मे २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात सर्वोच्च न्यायालयानं याच तरतुदींत प्राण्यांचे हक्क पाहिले. मात्र पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यानं दंड ठेवला तो १० ते ५० रुपये, आणि उपासमारीचा गुन्हा अदखलपात्र. तरुणांचा संताप मला म्हणूनच रास्त वाटतो.

तरीही दिसलं कुत्रं की उचल, याला मी संमती देणार नाही. दुष्काळात चारा छावण्या पाहिलेल्या मराठवाड्यात तरी हडकुळं जनावर म्हणजे निर्दयी मालक असं मानू नये. गोचीडतापानं किंवा मूत्रपिंडाच्या विकारानं खंगलेलं कुत्रं पुढ्यात पोटभर अन्न असूनही बरगड्या दाखवतं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? रस्त्यात गुरांचे ट्रक अडवणारेही दयेचंच नाव घेतात. ज्याला त्याला न्यायाधीश होऊ दिलं तर मार गरीब मालकालाच बसतो. संतांचा आधारही इथे पुरत नाही. कथेत पैठणच्या नाथांनी गाढवाला पाजलं ते पाणी त्यांच्याच कावडीतलं होतं, नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले तेव्हा पळवलेली भाकरी त्यांचीच होती. दुसऱ्याच्या दारातला जीव उचलावा का, हे त्या कथा सांगत नाहीत.

कोणी म्हणेल, पोलीस येईपर्यंत कुत्रं मरेल. खरं आहे, आणि जीव तासाभराचा असेल तर भिंत ओलांडणाऱ्याच्या बाजूनं मी उभा राहीन. मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेनं केलेल्या कृत्याला संहितेच्या कलम १९ चा आधार मागता येतो. पण नंतर तेच कुत्रं नाव बदलून दुसऱ्या गावी पोचवलं, तर ती सद्भावना सिद्ध कशी करणार? माझ्या मते खरी रेघ उचलणं आणि न उचलणं यांच्यामध्ये नाही. उघडपणे उचलणं आणि लपवणं यांच्यामध्ये आहे. लपवलेलं कुत्रं कायद्यानं जुन्या मालकाचंच राहतं. उलट शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा पोलीस १९६० च्या कायद्याच्या कलम ३४ खाली प्राणी जप्त करून तपासणीला पाठवू शकतो, आणि दोष सिद्ध झाल्यावर पुन्हा छळाची भीती असेल तर कलम २९ खाली न्यायालय मालकीच काढून घेऊ शकतं. रोजची, संथ हेळसांड असेल तिथे हीच वाट धरावी. ती लांबची आहे, पण ती कुत्र्याला कायमचं सोडवते. तिचा पहिला टप्पा आपल्या टेबलावर असतो. कुत्रं आलं की सलाइन लावा, आणि त्याच तासात पोलिसांना लेखी कळवा. वजन, नऊ अंकांच्या मापावरची शरीरस्थिती, पट्टा मानेत रुतला असेल तर जखमेची खोली, सगळं तारखेसह नोंदवा, कारण कलम ३६ प्रमाणे तीन महिन्यांनंतर खटला भरता येत नाही. आणि त्या मुलानं सोबत आणलेली साखळी फेकू नका. तिची लांबी मोजा, तिचं वजन करा; न्यायालयात तोच पुरावा आहे.