नाव सांगावे, पत्ता राखावा



समाजमाध्यमांवर आपली व्यावसायिक ओळख कशी उभारावी, हा विषय मला दिला आहे. मी नोकरभरतीच्या क्षेत्रात काम करते. अर्ज वाचणारा मनुष्य मुलाखतीला बोलावण्यापूर्वी अर्जदाराचे नाव शोधून पाहतो, हे आता गृहीतच धरावे. तेथे त्याला काय दिसावे, हे आपण ठरवायचे की योगायोगावर सोडायचे, एवढाच प्रश्न उरतो. परंतु आपल्या लोकांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. आपण यहुदी आहोत, हे तेथे दिसू द्यावे काय?

आधी पहिल्या प्रश्नाकडे वळू. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांनी कोठे पाटी लावली नव्हती. त्यांचे तेल गाव वर्षानुवर्षे वापरत होते आणि शनिवारी थांबलेला घाणा गावाला दिसत होता. या दोन गोष्टींनी त्यांचे नाव झाले. पेणकर, नवगावकर, दिवेकर एवढे म्हटले की मनुष्य कोठला हे कळे आणि खात्री करून घ्यायची तर चार लोकांना विचारता येई. सिडनीत किंवा मेलबर्नला ‘पेणकर’ या शब्दाने कोणाला काही कळत नाही. गावातले ते चार लोक जे काम करत, तेच आता लिंक्डइनवरच्या पानाला करावे लागते.

म्हणून सर्वप्रथम नाव एकच ठेवावे. मुंबईतले आपले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणूनही ओळखले जात. दोन्ही नावे एकाच पुरुषाची, हे आपल्याला ठाऊक आहे. परक्याला ते सांगावे लागते. आपल्या तरुणांचे असेच होते. मुंबईच्या पदवीपत्रावर आडनाव आधी आणि मधे वडिलांचे नाव, पारपत्रावर निराळा क्रम, लिंक्डइनवर नुसते ‘सॅम’. भरती करणाऱ्याला ही तीन माणसे वाटतात आणि तो पुढच्या अर्जाकडे वळतो. परिचारिका, डॉक्टर, दंतवैद्य यांनी तर अधिकच जपावे, कारण त्यांची नोंद आप्राच्या सार्वजनिक नोंदवहीत असते व नोकरी देणारा ती पाहतोच.

‘मेहनती’, ‘उत्साही’, ‘संघभावनेने काम करणारा’ ही विशेषणे मी दिवसाकाठी शेकडो वेळा वाचते आणि त्यांतले एकही मला आठवत नाही. त्याऐवजी काम लिहावे. एखाद्या हिशेबनिसाने असे लिहावे की, चाळीस कर्मचाऱ्यांची पगारपत्रके जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेली, अडचण अमुक ठिकाणी आली, ती अशी सोडवली. महिन्यातून एकदा आपल्या व्यवसायातील एका खऱ्या अडचणीवर दहा ओळी लिहिल्या, तरी वर्षभरात ते पान बोलू लागते. रोज सुविचार टाकणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

शिफारशी मात्र दुसऱ्यांच्याच लेखणीतून आल्या पाहिजेत. येथे एक सावधगिरी हवी. वैद्यकीय सेवेच्या जाहिरातीत रुग्णांचे अभिप्राय वापरण्यास आपल्याकडील राष्ट्रीय कायद्यात मनाई आहे. रुग्णाने प्रेमाने लिहिलेले आभार आपल्या दवाखान्याच्या पानावर मिरवणे अंगाशी येऊ शकते.

टोपणनावाने लिहिले की आपण सुरक्षित, असाही एक समज आहे. ‘कॉमकेअर विरुद्ध बॅनर्जी’ हा खटला त्यासाठी ध्यानात ठेवावा. स्थलांतर खात्यातील एक कर्मचारी निनावी ट्विटर खात्यावरून त्याच खात्यावर टीका करीत असे. ओळख उघड झाली, २०१३ मध्ये नोकरी गेली आणि २०१९ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल तिच्या विरुद्ध दिला. निकाल योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल; परंतु टोपणनावाचा पडदा किती पातळ असतो, हे त्यातून दिसले.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी आज एवढी मंडळी जमली असावीत. २०२४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातील यहुदी कलावंत, लेखक व प्राध्यापकांच्या एका व्हॉट्सॲप गटातील सुमारे सहाशे जणांची माहिती जाहीर करण्यात आली. त्यांत नावे होती, व्यवसाय होते, समाजमाध्यमांवरील खात्यांचे दुवे होते. यांतील पुष्कळसे त्या लोकांनी स्वतःच ठिकठिकाणी उघडपणे मांडलेले होते. विखुरलेले असताना ते निरुपद्रवी होते. एका यादीत गोळा झाल्यावर त्याचे हत्यार झाले. त्याच वर्षअखेर संसदेने अशा कृत्याला गुन्हा ठरवले. शिक्षा सहा वर्षांपर्यंत आणि धर्म किंवा वंश पाहून समूहाला लक्ष्य केले असेल तर सात वर्षांपर्यंत आहे. त्याच डिसेंबरात मेलबर्नचे अदास इस्राएल सिनेगॉग पेटवून देण्यात आले.

यानंतर काही घरांत आईवडिलांनी मुलांना सांगितले, प्रोफाइलवरून हिब्रू नाव काढ, गळ्यातील मागेन दावीद दिसणारा फोटो बदल. ज्यांना तसे वाटते त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. भय कशाचे आहे, हे आपण सारे जाणतो. परंतु माझे मत निराळे आहे. जे नाव आजोबांनी कोकणातून मुंबईला आणि पुढे येथवर आणले, ते नोकरीच्या पानावर झाकावे असे मला वाटत नाही. शिवाय झाकलेले नाव कधी ना कधी उघडे पडते, आणि तेव्हा झाकल्याचाच खुलासा मागितला जातो.

झाकायचे ते पत्ता, मुलांची शाळा, रोजची वेळापत्रके. मालिदाचे किंवा सिम्हात तोराहचे फोटो कार्यक्रम चालू असताना ठिकाणासह टाकू नयेत; चार दिवसांनी, ज्यांचे चेहरे दिसतात त्यांना विचारून टाकावेत. आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी व्हॉट्सॲपवर फिरते आहे. ती कृपया आज रात्रीच काढून टाकावी.

शब्बाथविषयी विचारणा झाली होती. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत उत्तर मिळणार नाही, असे ग्राहकांना स्वयंचलित निरोपात सरळ कळवावे. कारण सांगायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. वेळ मात्र दर आठवड्याला तीच पाळावी.

निवृत्त झालेल्या ज्येष्ठांना एक विनंती आहे. आपण ज्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम केले आहे, अशा तरुणांसाठी लिंक्डइनवर चार ओळींची शिफारस लिहावी. ज्यांचे काम पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी नात्याखातर लिहू नये. ज्यांना फोनवर ते जमत नाही, त्यांच्यासाठी चहानंतर मी मागच्या खोलीत बसले आहे.