अडलेला काटा

पुण्यांतील एक मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढें आणावें. घरांतील सूनबाई चाळिशीच्या. वजन ११८ किलो, गुडघे कुरकुरणारे, रक्तांतील साखर वाढलेली. २०११ सालीं घरच्यांच्या संमतीनें त्यांनीं जठरावर पट्टा बसवून घेतला. पहिले कांहीं महिने दर आठवड्यास अर्धा किलो वजन उतरे, पुढें पाव किलो. सोळा महिन्यांनीं काटा ९६ वर आला आणि तेथेंच बसला. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले, काटा हलेना. एके दिवशीं सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, एवढा पैसा ओतला, तो पाण्यांतच गेला म्हणायचा का?" सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं मात्र अर्धी पोळी ताटांत तशीच ठेवून त्या उठल्या.

हें चित्र कल्पनेंतील असलें तरी अशा घरांची वाण नाहीं. हा पट्टा आज नव्यानें फारसा कोणी बसवून घेत नाहीं. जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया आतां त्याच्या जागीं आली आहे. परंतु पूर्वीं बसविलेले पट्टे अनेकांच्या पोटांत अजून आहेत, आणि काटा अडला म्हणजे दोष कोणाचा हा प्रश्नहि त्यांच्या घरांत आहेच.

प्रथम हा पट्टा म्हणजे काय तें पाहूं. तें सिलिकोनचें एक कडें असतें. जठराच्या अगदीं वरच्या भागाभोंवतीं तें बसवितात. त्याच्या आंतल्या अंगास एक फुगा असून फुग्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखालीं ठेवलेल्या एका लहानशा डबीला जोडलेली असते. डबींत सुई टोंचून मिठाचें निर्जंतुक पाणी भरलें कीं पट्टा आवळतो. काढलें कीं सैल होतो. मूळचे युक्रेनचे शस्त्रवैद्य ल्युबोमिर कुझमाक यांनीं १९८६ सालीं अमेरिकेंत असा कमीजास्त आवळतां येणारा पट्टा वापरला. स्वीडनमध्येंहि त्याच सुमारास तशीच कल्पना निघाली होती. १९९३ सालीं बेल्जममध्यें मितिकु बेलाचेव यांनीं पोट न फाडतां, दुर्बिणीच्या साह्यानें, तो बसवून दाखविला. हे बेलाचेव इथिओपियांत जन्मलेले. लहानपणीं त्यांनीं गुरें राखलीं होतीं. माणूस कोठून निघून कोठें पोंचतो याचें हें एक नवलच.

या पट्ट्याविषयीं सर्वांत मोठा गैरसमज असा कीं, तो अन्नाला आडवा येतो; म्हणून जितका घट्ट तितका गुणकारी. मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठांतील संशोधकांनीं अन्न पट्ट्याखालून कसें जातें हें प्रत्यक्ष पाहिलें, तेव्हां निराळेंच दिसून आलें. पट्टा नीट बसलेला असेल तर नीट चावलेला घास त्याच्या वर फार वेळ सांचून राहत नाहीं. अन्ननलिका पुन्हां पुन्हां आकुंचन पावते आणि घासाला थोडा थोडा करून खालीं लोटते. हें होत असतां पट्ट्याचा जो दाब पडतो, तो तेथील मज्जातंतूंना जाणवतो, आणि "पुरें झालें" असा निरोप मेंदूकडे जातो. म्हणजे पट्ट्याचें खरें काम निरोप्याचें आहे. त्याला दारवान केलें कीं घोटाळा होतो.

आतां काटा अडतो कां? ११८ किलोंचा देह चालवावयास जितकें इंधन लागतें तितकें ९६ किलोंच्या देहाला लागत नाहीं. उतरलेल्या दर किलोमागें रोजची गरज सुमारें २० ते २५ उष्मांकांनीं कमी होते असा हिशेब आहे. बावीस किलो उतरले म्हणजे साडेचारशें-पांचशें उष्मांकांची गरजच नाहींशी झाली. पहिल्या महिन्यांत जें जेवण कमी होतें, तेंच आतां बेताचें झालें; जमा आणि खर्च सारखे झाले. शिवाय देह मोठा धोरणी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्यें, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांना स्वखुषीनें २४ आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण विश्रांतींतील शरीराचा खर्च त्याहूनहि अधिक प्रमाणांत आंखडला. दूरदर्शनवरील वजन उतरविण्याच्या एका अमेरिकन स्पर्धेंतील १४ जणांची सहा वर्षांनीं तपासणी झाली, तिचा वृत्तान्त २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या देहांचा विश्रांतींतील खर्च अपेक्षेपेक्षां रोज सुमारें ५०० उष्मांकांनीं कमीच होता. दुष्काळांत तग धरण्यासाठीं घडलेला हा देह. त्याला शस्त्रक्रिया आणि दुष्काळ यांतला भेद कळत नाहीं.

तेव्हां काटा थांबणें ही ठरलेलीच गोष्ट आहे. स्वीडनमध्यें अशा शस्त्रक्रिया झालेल्या सुमारें दोन हजार लोकांची वर्षानुवर्षें पाहणी झाली. पट्टा बसविलेल्यांचें वजन एकदोन वर्षांत सरासरी २० टक्के उतरलें. दहा वर्षांनीं पाहिलें तेव्हां मूळ वजनाच्या १४ टक्के घट टिकून होती. आपल्या सूनबाईंची घट साडेअठरा टक्के होती. सासूबाईंना हा आंकडा कोणी सांगितला असता तर बरें झालें असतें.

पण सूनबाईंनीं काय केलें? त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पट्टा आणखी आवळा." डॉक्टरांनीं जरा कांकूं केली, पण आग्रहापुढें नमून आवळला. पहिल्याच दिवशीं पोळीचा घास छातींत अडकला व उलटी झाली. मग भाकरी सुटली, भात सुटला, उसळीहि सुटल्या. सुटलें नाहीं तें काय? आमरस, श्रीखंड, बासुंदी, चहांत बुडविलेलें बिस्किट. हे पदार्थ घट्ट पट्ट्यांतूनहि सुखानें घसरतात. त्यांचा दाब पडत नाहीं, म्हणून तृप्तीचा निरोपहि जात नाहीं. एक वाटी श्रीखंड खाऊन तासाभरांत पुन्हां भूक. रात्रीं आडवें होतांच आंबट पाणी घशाशीं येई, खोकल्यानें झोप मोडे. दोन महिन्यांनीं काटा ९८ वर गेला! घरांत सगळे म्हणूं लागले, सूनबाई चोरून खातात. त्या चोरून खात नव्हत्या. जें गिळतां येत होतें तें खात होत्या. पट्टेवाल्यांच्या वाट्याला येणारा सर्वांत कडू अन्याय हाच असावा.

अशा वेळीं काटा हलविण्याची वाट उलट दिशेनें जाते. वारंवार उलटी, रात्रींचा खोकला, जळजळ आणि मऊ-गोड पदार्थांकडे वळलेलें मन, हीं पट्टा फार घट्ट असल्याचीं चिन्हें होत. तेव्हां पाणी काढावयाचें असतें. याच्या उलट, जेवून दोन तासांत भूक लागत असेल आणि ताट पूर्वींइतकें भरत असेल, तर थोडें पाणी भरणें योग्य. भूक एकाएकीं परतली तर नळी गळते काय, पट्टा सरकला काय, हें क्ष-किरणांनीं पाहवें लागतें. पोटांत तीव्र वेदना आणि पाण्याचा घोटहि न उतरणें, असें झाल्यास सकाळपर्यंत थांबूं नये. तडक रुग्णालय गांठावें. उलट्या चालूच राहिल्या तर ब जीवनसत्त्वाच्या अभावानें मज्जातंतूंनाहि इजा होऊं शकते, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

पट्टा ठीक असून काटा अडला असेल तर आधीं तो खरोखरच अडला आहे काय तें पाहावें. रोज वजन करणें म्हणजे मनस्ताप विकत घेणें. आठवड्यांतून एकदां, त्याच वारीं, सकाळीं. दोनतीन आठवडे काटा थांबतो तो पुष्कळदां अंगांतील पाण्यामुळें. स्त्रियांच्या बाबतींत मासिक धर्मामुळेंहि. कमरेचें माप उतरत असेल तर काट्याकडे थोडें दुर्लक्ष करावें. दीडदोन महिने दोन्ही स्थिर राहिलीं तर आठवडाभर तोंडांत जाणारी प्रत्येक वस्तु वहींत टिपावी. वहीसारखा परखड सोबती नाहीं. दुपारच्या दोन चहांतील साखर, देवाचा प्रसाद, मुलाच्या डब्यांतील उरलेला शिरा, स्वयंपाक करतांना चाखलेलें, हें सगळें तींत उमटतें. पुढें ताटांत आधीं प्रथिनें घ्यावीं: मऊ शिजविलेली मोडाची उसळ, अंडें, मासळी, पनीर. घास लहान, चावणें पुष्कळ, जेवण वीसपंचवीस मिनिटांचें. आणि तृप्ति येतांच थांबावें, ताट स्वच्छ करण्याचा आपला जुना संस्कार येथें थोडा बाजूला ठेवून. उतरलेल्या वजनांत स्नायूहि गेलेले असतात, म्हणून फिरण्याबरोबर आठवड्यांतून दोनदां वजन उचलण्याचा व्यायाम हवा.

मधुमेहाचीं, मनोविकारांचीं कांहीं औषधें वजन धरून ठेवतात. तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत, डॉक्टरांना विचारावें. भूक मंदावणारीं नवीं इंजेक्शनेंहि निघालीं आहेत. त्यांतील सेमाग्लुटाइड हें वजन उतरविण्यासाठीं अमेरिकेंत २०२१ सालीं मान्य झालें. शस्त्रक्रियेनंतर अडलेल्यांनाहि कधीं कधीं तीं देतात. कांहींजण पट्टा काढून दुसरी शस्त्रक्रिया करवून घेतात. त्यांत अपयश मानण्यासारखें कांहीं नाहीं.

मुळांत वजन उतरवावयाचें तें कशासाठीं? मेलबर्नमधील एका प्रयोगांत नुकताच मधुमेह जडलेल्या ६० स्थूल रुग्णांपैकीं अर्ध्यांना पट्टा बसविला; उरलेल्यांवर नेहमींचे उपचार केले. प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनीं पट्टेवाल्यांपैकीं ७३ टक्के लोकांचा मधुमेह ओसरला होता; दुसऱ्या गटांत १३ टक्क्यांचा. त्या पट्टेवाल्यांचीं वजनेंहि सरासरी पांचव्या हिश्श्यानेंच उतरलीं होतीं. सडपातळ कांहीं सगळे झाले नव्हते.

सूनबाईंच्या पट्ट्यांतून डॉक्टरांनीं थोडें पाणी काढलें. त्या संध्याकाळीं त्यांनीं चतकोर भाकरी व मटकीची उसळ पंचवीस मिनिटें चावून खाल्ली. उलटी झाली नाहीं. सहा महिन्यांनीं काटा ९५ वर आला आणि अजून तेथेंच आहे. साखरेची एक गोळी सुटली. तिसऱ्या मजल्यावरचें बिऱ्हाड. पूर्वीं दोनदां थांबावें लागे, आतां त्या एका दमांत चढतात. सासूबाई हल्लीं वजनाचें विचारीत नाहींत; भाजीची पिशवी मात्र सूनबाईंच्याच हातीं देतात.