कागद आधी घरी न्या



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘वंध्यत्वावरील आधुनिक उपचार’ असा छापला आहे. पण आयव्हीएफ म्हणजे काय, हे या सभागृहात आता कुणाला सांगायला नको. प्रत्येकाच्या नात्यागोत्यात त्या उपचाराने झालेलं एखादं तरी मूल बागडत असेल. म्हणून आज एकाच गोष्टीवर बोलते. बाईने स्वतःची बीजं गोठवून ठेवली आणि मग बेत बदलला, तर त्या बीजांचं काय करायचं?

वीस वर्षं मी समुपदेशक म्हणून या कामात आहे, आणि माझा एकच आग्रह आहे. तो शेवटपर्यंत राखून ठेवत नाही, आत्ताच सांगते: संमतिपत्र आधी घरी न्या, वाचा, आणि मगच सही करा.

(समोरच्या रांगेतून : “बँकेचे कागद तरी कोण वाचतं?” हशा.)

काका, तिथे फार तर पैसे अडकतात.

मी हे का म्हणते? एका ठिकाणी मी स्वतः पाहिलंय. मुलगी स्त्रीबीज काढण्यासाठी आतल्या खाटेवर झोपलेली, हाताला सलाइन, आणि तिच्या छातीवर पॅड ठेवून तिला सांगताहेत, “तिसऱ्या आणि पाचव्या पानावर सही करा.” पाचव्या पानावर काय होतं? तिचा मृत्यू झाला तर बीजांचं काय, तिने फी भरली नाही तर काय, तिला नको झाली तर काय. सही झाली, पान उलटलं.

आता थोडं शास्त्र, भराभर. स्त्रीबीज ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी, साधारण एक दशांश मिलिमीटरची, आणि पाण्याने भरलेली. हळूहळू गोठवलं तर आत बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशीला आतून फाडतात. म्हणून गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिलं बाळ १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलं, तरी पुढे कितीतरी वर्षं ही पद्धत बेभरवशाची राहिली. मग अतिवेगाने, काचेसारखं गोठवण्याचं तंत्र आलं. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का २०१२ मध्ये काढला. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बीज वर्षानुवर्षं राहतं. चांगल्या लॅबमध्ये वितळवल्यावर बहुतेक बीजं जगतात. पण फलित होतात त्याहून कमी, भ्रूण म्हणून वाढतात त्याहून कमी, आणि रुजतात आणखी कमी. टाकीत दहा बीजं म्हणजे दहा बाळं नव्हेत. ही संधी आहे, हमी नाही.

गोठवण्याचा विषय निघालाच आहे, तर एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मलं, आणि पुढच्या सव्वादोन महिन्यांत, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात दुर्गा जन्मली. मुखर्जींनी भ्रूण आधी गोठवला होता, मग वितळवून गर्भाशयात ठेवला होता. त्या काळात! सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. पुढे त्यांची बदली झाली ती नेत्रविज्ञानाच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

मग १९८६ चा ऑगस्ट, आपल्या परळचं केईएम रुग्णालय. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षा जन्मली, आणि देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिची नोंद झाली. अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना मुखर्जींची टिपणं त्यांच्या हाती आली. त्यांनी ती वाचली, आणि पहिलेपणाचा मान आपला नाही, मुखर्जींचा आहे, असं स्वतः छापून सांगितलं. माणूस गेला, लॅब गेली, समितीचा शेरा उरला. पण कागद राहिला, आणि एका प्रामाणिक माणसाने तो शेवटपर्यंत वाचला, म्हणून न्याय झाला. मी कागदावर एवढी का अडून बसते, ते आता लक्षात येईल.

(संयोजकांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं उरलीत. बरं, मूळ प्रश्नाकडे येते.

बेत बदलला तर वाटा किती? पहिली, ठेवून देणं. दरवर्षी फी भरायची. दुसरी, वापरणं. आपल्याकडचा सहाय्यक प्रजननाचा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात एकवीस वर्षांवरची आणि पन्नाशीच्या आतली स्त्री, लग्न झालेलं नसलं तरी, दात्याचं वीर्य घेऊन उपचार करू शकते. सरोगसीचा कायदा मात्र वेगळा. तिथे एकट्या स्त्रियांपैकी फक्त विधवा किंवा घटस्फोटिता, तीही पस्तीस ते पंचेचाळीस वयाची. तिसरी वाट, बीजं दुसऱ्या क्लिनिकमध्ये हलवणं. परदेशी न्यायची तर ती स्वतःच्याच वापरासाठी, आणि सहाय्यक प्रजननाच्या राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने.

चौथी वाट, दुसऱ्या बाईला देणं. “माझ्या उपयोगाची नाहीत, तर कुणाची तरी कूस उजवू दे,” असं कितीतरी जणी म्हणतात. मन मोठं असतं, पण ही वाट अरुंद आहे. दात्री तेवीस ते पस्तीस वयाची हवी, दान आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त सात बीजं, आणि सगळं नोंदणीकृत बीज-बँकेमार्फत, तपासण्या करून. सदतिसाव्या वर्षी स्वतःसाठी गोठवलेली बीजं सहज देता येत नाहीत. हे तिला पहिल्याच दिवशी कळायला हवं. पाचवी, संशोधनासाठी देणं. सहावी, नष्ट होऊ देणं.

आणि एक फरक मनात पक्का करा. बीज एकटीचं असतं, भ्रूण दोघांचा. इंग्लंडमध्ये नॅटली इव्हान्स नावाच्या बाईंच्या अंडाशयांत गाठी सापडल्या. अंडाशय काढण्याआधी २००१ मध्ये जोडीदाराबरोबर सहा भ्रूण करून ठेवले. नुसती बीजं गोठवता येतील का, असं त्यांनी विचारलंही होतं. त्या क्लिनिकमध्ये ती सोय नव्हती. पुढे नातं तुटलं, त्याने संमती मागे घेतली. २००७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही त्या हरल्या. ते भ्रूण म्हणजे स्वतःचं मूल होण्याची त्यांची अखेरची आशा होती.

(मागून : “तुम्ही मुलींना लग्नं लांबवायला शिकवताय!” कुजबुज.)

नाही हो, बाई. शांतपणे ऐका. माझ्यासमोर केमोथेरपी सुरू होण्याआधी, हातात आठ-पंधरा दिवस असलेल्या मुली येतात. त्या औषधांनी अंडाशय निकामी होऊ शकतात. कुणाला स्थळ मनासारखं मिळालेलं नसतं, कुणाच्या आईचं दुखणं काढायचं असतं. हौसेने पोटात रोज इंजेक्शनं कुणी टोचून घेत नाही.

(घंटा.) दोनच मिनिटं.

चौतिसाव्या वर्षी नऊ बीजं ठेवलेली एक मुलगी. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, उपचाराशिवाय. संमतिपत्रावर तिने ‘नंतर ठरवू’ लिहिलं होतं. दरवर्षी बिल आलं की मला फोन करायची, रडायची आणि पैसे भरायची. सहाव्या वर्षी मी तिला तोच कागद घरी दिला. नवऱ्याशी बोलून ती महिन्याने आली, नष्ट होऊ द्या म्हणाली. मग विचारलं, “तारीख सांगाल? त्या दिवशी मला रजा घ्यायचीय.” त्या रजेचा हक्क तिला सहा वर्षं आधी मिळायला हवा होता.

इंग्लंडमध्ये २०२२ पासून बीजं पंचावन्न वर्षांपर्यंत ठेवता येतात. पण दर दहा वर्षांनी संमती नव्याने द्यावी लागते. मी तर म्हणते, दर वर्षी बिलाबरोबर कागद पुन्हा वाचा. मन बदलतं, त्यात अपराध नाही.

इथे बसलेल्या आजी-आजोबांना शेवटची विनंती. घरातली एखादी मुलगी उद्या सांगेल, “मी बीजं गोठवतेय.” तेव्हा लग्नाचं नंतर विचारा. आधी चष्मा लावा, तिच्याजवळ बसा आणि म्हणा, “आण तो कागद, आपण मिळून वाचू.”